वन्यप्राणी बचाव केंद्रात उन्हाळी इंटर्नशिप : मुलीला पाठवावे का?

माळवाट | १४ मार्च, रात्री ९.४०

नमस्कार. माझी मुलगी नाशिकला प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वन्यप्राण्यांच्या एका बचाव व उपचार केंद्राने तिला मे आणि जूनमधील आठ आठवड्यांसाठी इंटर्न म्हणून घेण्याचे मान्य केले आहे. केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मला चर्चा कामाविषयी हवी आहे, संस्थेविषयी नको. त्यांचे पत्र आले आणि घरात दोन तट पडले. रेबीजची लस आधी घेतल्याचा दाखला आणावा, भडक कपडे आणि अत्तर वापरू नये, प्राण्यांची छायाचित्रे काढून कोठेही टाकू नयेत आणि पहिले दोन आठवडे कोणत्याही प्राण्याला हात लावता येणार नाही, असे त्या पत्रात आहे. विद्यावेतन नाही, जेवणाचा खर्च आपला. "हात लावायचा नाही, फोटो काढायचा नाही, मग दोन महिने ही तिथे करणार काय?" असे यजमान विचारतात, आणि खरे सांगायचे तर माझ्याजवळही त्याचे उत्तर नाही. ज्यांनी असे काम केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया लिहावे.

घाटमाथा | १४ मार्च, रात्री ११.०५

ते पत्र वाचून मला तरी हायसे वाटले. सहा वर्षांपूर्वी मी अशाच एका केंद्रात तीन महिने होतो. पहिला दिवस सकाळी साडेसहाला सुरू झाला, आणि त्या दिवशी मला दिसलेला एकमेव वन्यप्राणी म्हणजे स्वयंपाकघराच्या खिडकीत येऊन बसलेली खार. ती केंद्राची रुग्णही नव्हती, फुकट शेंगदाण्यांसाठी आली होती.

तिथे करतात काय, याचे सरळ उत्तर द्यायचे तर धुतात, चिरतात, मोजतात आणि लिहितात. भांडी व पिंजरे जंतुनाशकाने धुवायचे, फळे आणि मांस ठरलेल्या मापाचे कापायचे, प्रत्येक पिंजऱ्यात किती दिले ते मोजायचे आणि दुसऱ्या दिवशी किती उरले तेही मोजायचे. हे उरलेले मोजणे मला पहिले चार दिवस वेडगळपणाचे वाटले. पाचव्या दिवशी एका घारीच्या पिंजऱ्यातून मी १२० ग्रॅमपैकी ७० ग्रॅम मांस तसेच बाहेर आणले. आदल्या दिवशी तिने ९० ग्रॅम खाल्ले होते. ती बसलेली अगदी ठणठणीत दिसत होती, पण डॉक्टरांनी वहीतले ते दोन आकडे पाहून तिला तपासायला घेतले, तेव्हा पंखाच्या टाक्यांखाली पू झालेला सापडला. रानातले प्राणी आजार लपवतात, कारण आजारी दिसणाऱ्याला रानात दुसरा कोणीतरी खातो. त्यामुळे चेहऱ्याकडे पाहून काही कळत नाही, ताटात काय उरले ते पाहावे लागते.

बोलण्याविषयीही नियम होता. पिंजऱ्यांच्या ओळीत शिरल्यावर तोंडातून शब्द काढायचा नाही. माणसाचा आवाज आणि अन्न यांची सांगड प्राण्याच्या डोक्यात एकदा बसली की तो सोडण्यालायक राहत नाही. आम्ही कोल्ह्याच्या दोन पिल्लांना नाव ठेवले नाही, वहीत त्यांना फक्त क्रमांक होते. मनातल्या मनात मी त्यांतल्या एकाला बाळू म्हणत असे, हे आज इथे पहिल्यांदाच कबूल करतो.

चिंचोके | १५ मार्च, सकाळी ७.५०

म्हणजे जी मुले घरी स्वतःचे ताट उचलत नाहीत, ती तिथे जाऊन घारीच्या ताटात काय उरले त्याचे वजन करतात. माळवाट ताई, माझे मत पाठवा असेच आहे. परत आल्यावर ताट उचलते का, तेवढे मात्र कळवा.

शिवारवैद्य | १५ मार्च, दुपारी २.१५

मी पशुवैद्यक आहे आणि वनविभागाने बोलावल्यावर वन्यप्राण्यांवरही उपचार करतो. रेबीजच्या लसीचा आग्रह ही केंद्राची हौस नाही. चावा होण्यापूर्वीची ही लस तीन मात्रांत, म्हणजे पहिली मात्रा, तिच्यापासून सातव्या दिवशी दुसरी आणि तिच्यापासूनच एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी तिसरी, अशी देतात. मुलगी मेच्या पहिल्या आठवड्यात रुजू होणार असेल, तर एप्रिल उजाडताच सुरुवात करावी. धनुर्वाताची लस झाली नसेल तर तीही घ्यावी.

आजार प्राण्यांकडून माणसांकडे येतात, तसे ते माणसांकडून प्राण्यांकडेही जातात. सर्दी झालेला इंटर्न माकडांच्या पिलांजवळ जाता कामा नये. वटवाघळांविषयी मी विशेष कडक आहे. मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळांचे नमुने घेतले होते, त्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला निपाह विषाणूच्या खुणा आढळल्या. म्हणून वटवाघळांना मारत सुटण्याचे कारण नाही, ती फळझाडांची परागवाहक आणि बीजवाहक आहेत. परंतु उघड्या हाताने वटवाघूळ उचलणाऱ्या इंटर्नला मी दुसऱ्या दिवशी माझ्या दवाखान्यात उभे करणार नाही.

हात न लावण्याच्या नियमाला आणखी एक कारण आहे आणि ते बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. भेकर किंवा चितळ यांसारखे भित्रे प्राणी पकडताना, बांधताना, गाडीतून नेताना इतके धडपडतात की त्यांच्या स्नायूंच्या पेशी फुटतात. पेशींतून बाहेर पडलेली द्रव्ये रक्तातून मूत्रपिंडात जातात आणि जनावर काही तासांत किंवा काही दिवसांनी मरते. बाहेरून एकही जखम नसते. लोक म्हणतात की घाबरून मेले, आणि ते अगदी चूक नसते. एका हरणाभोवती पाच उत्साही माणसे उभी असणे हीच त्याची दुखापत असते. अशा वेळी त्याचे डोळे कापडाने झाकणारा एक आणि दार धरणारा एक पुरतो. बाकीच्यांनी दृष्टीआड व्हावे हीच त्यांची सेवा.

अनु_विज्ञान | १५ मार्च, सायंकाळी ६.३०

थोडे अवांतर विचारते. आमच्या अंगणात दर उन्हाळ्यात बुलबुलाची पिले पडतात. ती उचलून अशा केंद्रात न्यावीत का?

शिवारवैद्य | १५ मार्च, रात्री ८.००

बहुतेक वेळा नेऊ नयेत. अंगावर पिसे आलेले आणि टुणटुण उड्या मारणारे पिलू हे पडलेले नसते, ते उडायला शिकत असते आणि आईबाप जवळच्या फांदीवरून त्याला भरवत असतात. मांजर-कुत्र्यापासून सांभाळून त्याला झुडपात ठेवावे आणि आपण लांब जावे. पिसे नसलेले पिलू सापडले तर शक्य असल्यास घरट्यात परत ठेवावे. माणसाचा वास लागला की आई त्याला टाकते, हा समज चुकीचा आहे. दूध-पाव मात्र कोणत्याही पक्ष्याला देऊ नये, कारण दुधातील साखर त्यांना पचत नाही. पिलू जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

चिंचोके | १५ मार्च, रात्री ८.२०

आणि कावळ्याच्या घरट्यात कोकिळेचे पिलू दिसले, तर ते कोणाच्या ताब्यात द्यायचे याचा निकाल कौटुंबिक न्यायालयात लावावा.

शंकेखोर | १६ मार्च, सकाळी १०.१०

माझे म्हणणे थोडे कडू आहे. एक घार वाचवण्यासाठी चार महिने पिंजरा, मांस, औषधे आणि तीन माणसांचा वेळ खर्च होतो. घारी काही नामशेष होत नाहीत. तोच पैसा माळरान किंवा पाणथळ राखण्यासाठी वापरला तर शेकडो पक्ष्यांना उपयोग होईल. वर या केंद्रांना इंटर्न म्हणजे बिनपगारी मजूरच मिळतो. ज्या विद्यार्थ्याला दोन महिने स्वतःच्या पैशाने राहणे परवडते तोच हे करू शकतो. शेतमजुराच्या मुलीला प्राण्यांची कितीही ओढ असली तरी तिला हे शक्य नाही. याला अनुभव म्हणायचे की चैन?

घाटमाथा | १६ मार्च, दुपारी १२.४५

पैशाविषयी तुमचे म्हणणे मान्य आहे. माझ्या तुकडीत सातही जण शहरातले आणि बऱ्या घरचे होते, आणि ज्या वनमजुराने मला फास सोडवायला शिकवले, त्याच्या मुलाला मात्र उन्हाळ्यात वीटभट्टीवर जावे लागत होते. हे मला तेव्हाही टोचत होते.

घारीविषयी मात्र मान्य नाही. ती घार आपोआप जखमी झालेली नसते, आपण ताणलेल्या मांजाने तिच्या पंखाच्या पुढच्या कडेची कातडी आणि स्नायुबंध कापलेले असतात. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी संक्रांतीनंतरच्या आठवड्यात केंद्राचे पिंजरे भरतातच. आमच्या नोंदवहीत जखमेचे कारण, गाव आणि तारीख असे रकाने होते. कोणत्या भागात मांजा अजून विकला जातो हे त्या रकान्यांवरून कळत होते, आणि ती यादी पुढे पोलिसांकडे जात असे. तुम्ही घारीचा खर्च मोजलात, त्या वहीचा उपयोग मोजला नाहीत.

उसाचा_फड | १६ मार्च, रात्री ९.३०

मी जुन्नर तालुक्यातला शेतकरी. इथे मोठे शहाणपण लिहिले जात आहे, म्हणून फडाच्या बाजूनेही दोन शब्द लिहितो.

कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, कालवे आले, जिराईत रानात ऊस उभा राहिला आणि बिबट्याला बारमाही लपण मिळाले. आमच्याकडची बिबट्याची मादी आता डोंगरात जाते कुठे, ती उसातच विते. तोड सुरू झाली की कोयत्याखाली सरीत बछडे सापडतात. पूर्वी अशी पिले गावभर मिरवत, पोरे त्यांच्यासोबत फोटो काढत, मग ती वनखात्याकडे जात आणि रात्री त्यांची आई वस्तीभोवती गुरगुरत फिरे. ज्या फडातली पिले गेली, त्या शेजारच्या वस्तीवर रात्री मोटार चालू करायला जायची कोणाची छाती होत नसे. आमच्याकडे शेतीची वीज रात्रीच येई, हे शहरातल्यांना सांगितल्याशिवाय कळत नाही.

तीन वर्षांपूर्वी माझ्याच फडात दोन बछडे निघाले. टोळीच्या मुकादमाने तोड थांबवली आणि मी वनरक्षकाला फोन केला. केंद्रातून डॉक्टर आले, त्यांच्याबरोबर चष्मा लावलेली एक पोरगी होती, ती इंटर्न. डॉक्टरांनी पिले तपासली, गोचिड्या काढल्या, वजन केले, कातडीखाली ओळखीची चिप घातली. पोरगी शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाही, फक्त आकडे लिहीत राहिली. तिन्हीसांजेला पिले एका क्रेटमध्ये घालून, जिथे सापडली होती त्याच सरीत ठेवली आणि समोर कॅमेरे लावले. माणसे लांब गाडीत बसली. रात्री साडेदहाच्या सुमारास मादी आली, तिने क्रेट पंजाने कलंडवला आणि एक पिलू मानेला धरून नेले. पाऊण तासाने येऊन दुसरे नेले.

मला आठवते ते निराळेच. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोरगी आमच्या ओट्यावर चहा प्यायला बसली आणि तिने माझ्या आईला विचारले, "आजी, तुम्हाला भीती नाही का वाटत?" पंधरा वर्षांत खात्याचे, संस्थेचे, वाहिन्यांचे कितीतरी लोक आले, पण हे विचारणारी ती पहिलीच. आई म्हणाली, "वाटते की. पण तिचीही लेकरे आहेत, नि माझीही आहेत." त्यानंतर ती पोरगी अर्धा तास आईकडून कोंबड्यांचे खुराडे कसे बांधतात ते ऐकत बसली. तुमच्या मुलीला एवढेच सांगा, की बिबट्या बघायला येणार असाल तर बिबट्याच्या शेजाऱ्यालाही बघा.

शंकेखोर | १६ मार्च, रात्री १०.५०

आपला प्रतिसाद वाचून गप्प बसावेसे वाटले, तरी विचारतो. मग जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट्या केंद्रात वर्षानुवर्षे बंद असलेल्या बिबट्यांचे काय? ते कोणाच्या यशाची खूण आहेत?

शिवारवैद्य | १७ मार्च, दुपारी १.३०

कोणाच्याच नाही, आणि हे त्या क्षेत्रातली माणसे तुमच्याआधीच बोलली आहेत. २००० नंतरच्या काही वर्षांत जुन्नर भागात बिबटे मोठ्या संख्येने पिंजरे लावून पकडले आणि दूरच्या जंगलांत नेऊन सोडले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यातून दिसले की अशा स्थलांतरानंतर माणसांवरील हल्ले कमी होण्याऐवजी वाढले. अनोळखी मुलखात टाकलेला बिबट्या परत यायला निघतो, वाटेत माणसांना सामोरा जातो, आणि त्याची रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो. त्याच वर्षी केंद्र सरकारने बिबट्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही सरसकट पकडण्यापेक्षा लोकांची माहिती, गर्दीचे नियंत्रण आणि भरपाई यांवर भर आहे.

म्हणून फडात सापडलेली पिले त्याच रात्री आईला परत मिळणे ही सर्वांत यशस्वी शस्त्रक्रिया आहे, कारण त्यात पिंजऱ्याची गरजच संपते. चांगल्या केंद्राचा कस पिंजरे किती रिकामे झाले यावर लागतो. ज्या बिबट्याचा पाय फासात तुटला, किंवा जो बछडेपणीच माणसाळला, तो सोडता येत नाही. त्याला जन्मभर सांभाळणे भाग पडते आणि इंटर्नचे बरेचसे काम याच कायमच्या मुक्कामवाल्यांसाठी असते. पोत्यात मांस दडवून ठेवणे, ओंडक्याची जागा बदलणे, गोठवलेला मटणाचा रस्सा देणे, असे उद्योग त्याचा दिवस कंटाळवाणा होऊ नये म्हणून केले जातात.

कायद्याचेही सांगून ठेवतो. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पकडण्याचा निर्णय मुख्य वन्यजीव रक्षकांच्या अधिकारात येतो, केंद्राच्या नाही आणि इंटर्नच्या तर मुळीच नाही. मुलीला कोणी उत्साहाच्या भरात "चल, तू पिंजऱ्याची खिटी ओढ" म्हणाले, तर तिने स्पष्ट नकार द्यावा.

परदेशी_पाहुणी | १७ मार्च, रात्री ११.२०

मी जोहान्सबर्गला राहते आणि एक चूक कबूल करायला लिहिते आहे. दहा वर्षांपूर्वी मी येथील एका ठिकाणी भरपूर पैसे भरून तीन आठवडे "स्वयंसेवक" झाले होते. काम म्हणजे सिंहाच्या छाव्यांना बाटलीने दूध पाजणे आणि पर्यटकांच्या मांडीवर देणे. छावे अनाथ आहेत असे आम्हाला सांगितले होते. एवढे छावे दर काही महिन्यांनी अनाथ होतातच कसे, हे विचारायचे मला सुचले नाही. ते जन्मताच आईपासून काढलेले असत, आणि मोठे झाल्यावर बंदिस्त आवारात शिकाऱ्यांसमोर सोडण्यासाठी विकले जात, हा धंदा इथे कित्येक ठिकाणी चालत आला आहे. २०२१ मध्ये येथील सरकारने सिंहांची बंदिस्त पैदास थांबवण्याचे धोरण जाहीर केले.

म्हणून माळवाट ताई, तुम्हाला खटकलेली ओळ मला सर्वांत विश्वासाची वाटते. हात लावू देणार नाही असे जे केंद्र आधीच लिहून देते, तिथे मुलीला पाठवायला मी कचरणार नाही. मात्र पाठवण्याआधी एका गोष्टीची खात्री करून घ्या. वनविभागाशी त्यांचा करार आहे का, किंवा केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता आहे का, हे सरळ विचारा. चांगली माणसे या प्रश्नाने रागावत नाहीत.

खाडीकिनारी | १८ मार्च, सकाळी ९.००

बिबट्यांच्या गर्दीत कासवांना विसरू नका. पावसाळ्यात आमच्या पालघर किनाऱ्यावर जाळ्यात अडकून पाय तुटलेली ऑलिव्ह रिडले कासवे वाहून येतात, आणि डहाणूला त्यांच्यासाठी उपचार केंद्र आहे. तिथे इंटर्नचा निम्मा दिवस टाक्यांचे पाणी बदलण्यात जातो. कासव चावण्याची भीती कमी असते, पण ओझे उचलून कंबर मोडते. पोटात वायू धरलेले कासव पाण्यात बुडी मारू शकत नाही, नुसते तरंगत राहते, आणि ते पहिल्यांदा टाकीच्या तळाला गेले त्या दिवशी सगळ्या केंद्राने चहाबरोबर बटाटेवडे खाल्ले होते.

माळवाट | १८ मार्च, रात्री ८.४५

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वनविभागाशी करार असल्याचे केंद्राने लगेच कळवले आणि करारपत्राची प्रतही पाठवली. लसीची पहिली मात्रा १ एप्रिलला घेणार आहोत. फडकरी दादांचा प्रतिसाद मुलीने दोनदा वाचला. यजमान अजून "फोटो नाही म्हणजे काय" यावरच आहेत.

माळवाट | ९ जुलै, रात्री १०.१५

धागा वर काढते, कारण सांगण्यासारखे आहे. मुलगी गेल्या आठवड्यात परतली.

उन्हाने बेशुद्ध पडलेल्या घारींनी मे महिना भरला होता. सतराव्या दिवशी तिला पहिल्यांदा हातात काही मिळाले, ते म्हणजे डोळे न उघडलेली खारीची तीन पिले. दर दोन तासांनी सुईविना सिरिंजने थेंब थेंब दूध, आणि प्रत्येक वेळी नंतर ओल्या कापसाने पोटाखाली पुसून त्यांना लघवी करवणे, कारण इतक्या लहान पिलांना ते आपले आपण जमत नाही. रात्रीचे गजर तिने लावले होते. त्यांतले एक पिलू गेले. सिरिंज जरा जोरात दाबली गेली आणि दूध श्वासनलिकेत उतरले असावे, असे डॉक्टरांनी सांगितले. सिरिंज कोणाच्या हातात होती ते मी विचारले नाही, तीही बोलली नाही. उरलेली दोन जूनअखेर आवारातल्या आंब्यावर सोडली.

यजमान तिला आणायला गेले तेव्हा त्यांना फाटकाच्या आत घेतले नाही. ते तासभर पहारेकऱ्याशी बोलत बसले. घरी आल्यावर त्यांनी "फोटो दाखव" म्हटले, तेव्हा तिने वह्या पुढे केल्या. दिलेले अन्न, उरलेले अन्न, वजन, विष्ठा, एवढेच त्यांत आहे. त्यांनी त्या चाळल्या नाहीत, वाचल्या. मग विचारले, "दोन जूनपासून तिसऱ्या पिलाचा रकाना रिकामा का आहे?" त्यावर दोघे बराच वेळ गच्चीवर बोलत होते.

चिंचोके | ९ जुलै, रात्री १०.४०

वाचून बरे वाटले. पण मूळ प्रश्न राहिला. ताट उचलते का?

माळवाट | ९ जुलै, रात्री १०.५५

उचलते. आधी माझ्या आणि यजमानांच्या ताटात काय उरले आहे ते पाहते आणि आम्हाला बोलते.

शिवारवैद्य | १० जुलै, सकाळी ७.१०

मुलीला सांगा की पिलाच्या श्वासनलिकेत दूध जाणे हे माझ्याकडूनही झालेले आहे, आणि एकदाच झालेले नाही. पिलू उताणे न धरता पोटावर, मान जरा उचलून धरावे आणि घोट गिळल्याशिवाय पुढचा थेंब देऊ नये. लसीचे कार्ड जपून ठेवा. पुढे कधी चावा झाला तर पूर्वी लस घेतलेल्यांना एक लगेच आणि एक तिच्यापासून तिसऱ्या दिवशी अशा दोनच मात्रा लागतात, मात्र जखम पंधरा मिनिटे साबणाने धुणे तेव्हाही चुकत नाही.